खिडकी काळी पडली

जावयाला या सगळ्यातून काय मिळणार होतं ते आधी मांडून घेऊ, म्हणजे मागाहून रडारड नको. शेडची किल्ली मिळणार होती. ती सासऱ्यांच्या कमरेला लटकायची आणि ते यायच्या आधी त्यांची वर्दी द्यायची. काचेच्या खोलीतली हातांची खुर्ची मिळणार होती. घरी जेवताना पहिलं ताट त्याच्यासमोर येणार होतं; आजवर ते मेहुण्यासमोर यायचं आणि जावयाची आठवण भांड्याचा तळ दिसायला लागला की व्हायची. शिवाय ‘जावईबापू’ हा शब्द लोक ओठ न मुरडता उच्चारणार होते. खर्चाच्या बाजूला होता एका सकाळचा पाक, एक पातळ पत्री आणि मेहुण्याची अब्रू. ही शेवटची बाब खर्चात धरायची की जमेत, एवढाच काय तो त्याला पेच होता.

घरजावई हा असा हुद्दा आहे की त्याला बढती नाही आणि राजीनामाही नाही.

शेडमध्ये धागा निघायचा. आगीतून माणसं खाली सोडायचे दोर, पातं अडवणारे हातमोजे, असल्या कामांचा धागा. लांबीच्या दिशेने ओढाल तर ट्रक लटकवा, तो हूं की चूं करणार नाही. आडवा घासाल तर पिंजून त्याचा कापूस होईल. सगळी ताकद एकाच दिशेला. सासऱ्यांचं घरही त्याच घडणीचं होतं. त्यांचा सगळा जीव एका बाजूला ताणलेला, आणि त्या बाजूला मुलगा उभा. बायको, लेक, जावई ही मंडळी आडवी. ती पिंजली गेली तरी कोणाच्या कामाला अडत नव्हतं.

मुलगा, म्हणजे जावयाचा मेहुणा, याला कामगार पाठीमागे हातोडा म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. सासरे चिडले की काठीने मुलाला मारत, मुलगा चिडला की पान्याने कामगारांना मारी, आणि कामगार घरी जाऊन कोणाला मारत ते त्यांचं त्यांना ठाऊक. मार वरून खाली वाहायचा. जावई मधल्या पायरीवर असल्यामुळे त्याला वरून मिळायचं आणि खाली द्यायला कोणी नव्हतं.

शेडमध्ये एक धमकी चालायची: “धाग्यावर देईन.” धागा पाण्यातून निघून रिळावर गुंडाळला जाताना इतक्या वेगात धावतो, की तो हलतोय हेच डोळ्यांना कळत नाही. ताणलेली रेघ दिसते, बस. ती रेघ तुटत नाही. तिच्यात बोट अडकलं तर दोघांपैकी एकालाच तुटावं लागतं. म्हणून धागा हलवायचा तो पितळी आकड्याने, हाताने कधीच नाही.

लग्नानंतर जावई पहिल्यांदा शेडमध्ये उतरला, तेव्हा मेहुण्याने आकड्यावर धागा उचलला आणि गंमत म्हणून त्याच्या करंगळीवर टाकला. टोक पाण्याच्या हौदात पडलं. जावई गुडघ्यावर बसला आणि मेहुणा पोट धरून हसला.

“आता साडेनऊच बोटं. मोजताना जरा अवघड जाईल, जावईबापू.”

सासरे काचेच्या खोलीतून बाहेर आले. “फार लागलं का?” असं त्यांनी विचारलं, आणि उत्तर यायच्या आत, “रीळ खराब झालं नाही ना?” असंही विचारलं. जावयाच्या बायकोने हौदात हात घालून बोटाचं टोक शोधलं, फडक्यात बांधलं आणि दवाखान्यात नेलं. ते परत जोडता आलं नाही. मेहुणा त्या दिवसापासून जेवताना मीठ पुढे करताना म्हणायचा, “चिमूटभर घ्या. तुमची चिमूट तशीही लहान.”

आता पाकाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं.

कडक ॲसिडात पिवळी भुकटी विरघळवून जे दाट द्रावण होतं त्याला शेडमध्ये पाक म्हणत. भुकटीचे रेणू ताठ, लांबट, काडेपेटीतल्या काड्यांसारखे. पाक गार असला की मेणासारखा थिजतो. बेताचा तापवला की पातळ होतो आणि मग मजा होते: सगळ्या काड्या आपणहून एका दिशेला तोंड करून निजतात, एकमेकींना खेटून सरकतात, आणि पाक नळीतून सुरळीत धावतो. बारीक भोकांच्या चकतीतून तो बाहेर पडला, पाण्यात शिरला, की ती ओळ तशीच घट्ट होते. धाग्याची ताकद म्हणजे ती ओळ. पण पाक त्याच्याही पुढे तापवला तर काड्यांना मस्ती चढते. प्रत्येक काडी वाटेल तिकडे तोंड करते, एकमेकींत अडकते, आणि पाक पातळ व्हायच्या ऐवजी एकदम जाड होतो. जगातले बाकीचे पाक तापवले की पातळ होतात. हा एका हद्दीपर्यंतच शहाण्यासारखा वागतो.

शेडमध्ये ही हद्द कोणी ओलांडलेली नव्हती. तापमापकाची कांडी नळीच्या खिशात खुपसलेली असायची आणि उष्णता बेताची झाली की शेगडी आपोआप बंद व्हायची. त्यामुळे मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना एकच धडा पाठ होता: दाब चढला म्हणजे पाक गार पडलाय, तापव. सकाळी नळ्या थंड असत, दाब चढे, ते तापवत, दाब उतरे. हा धडा रोज खरा ठरायचा.

दुसरा धडा एकट्या बायकोला ठाऊक होता, कारण तिचं काम खिडकीवर होतं. चकतीच्या अलीकडे नळीला जाड काचेची एक लहान खिडकी होती. तिच्या मागे दिवा. काचेच्या पुढे-मागे दोन पारदर्शक पट्ट्या, एक तिरकी आणि दुसरी तिच्या बरोबर आडवी. अशा दोन पट्ट्या मिळून उजेड पार अडवतात. मध्ये ओळीत निजलेला पाक असला तरच तो उजेडाला वळवून बाहेर काढतो आणि खिडकी पिवळीजर्द चमकते. ओळ मोडली की खिडकी काळी. बायको लग्नाआधीपासून तिथे स्टुलावर बसून बघत आली होती. पाकाचा एक-एक थेंब काचेवर तापवून, कुठे काळा पडतो हे तिने पाहिलं होतं. तिने ते जेवताना एकदा घरात सांगितलंही होतं. सासरे म्हणाले, “बरं,” आणि मेहुण्याने पाणी मागितलं. ऐकलं ते एकट्या जावयाने. तो कान उघडे ठेवून जेवायचा.

सासऱ्यांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी जाहीर केलं. जाहीर म्हणजे काठी टेबलावर आपटून सांगितलं. अग्निशमनवाल्यांच्या दोरांचा मोठा माल निघायचाय. तो मुलगा चालवेल. नीट उतरला तर किल्ली त्याची.

“आणि नाही उतरला तर?” जावयाने विचारलं. अगदी सहज, नखं बघत.

“तर तुमची,” सासरे म्हणाले, आणि घरात सगळे हसले. सासूबाईसुद्धा. बायको हसली नाही, पण जावयाने तिच्याकडे पाहिलं नव्हतं. त्याच्या मांडणीत तिचं नाव कुठे येतच नव्हतं.

हिशेब सरळ होता. कांडी खिशातून थोडी बाहेर ओढायची. मग तिला नळीची नाही, शेडच्या हवेची उष्णता लागेल. काटा खाली राहील, शेगडी पेटत राहील, पाकाची ओळ मोडेल, दाब चढेल. दाब फार चढला तर फाटावी म्हणून नळीवर एक पातळ पत्री बसवलेली होती. ती फाटेल, पाक खालच्या टाकीत धबाधबा पडेल, माल वाया जाईल. म्हातारा सगळ्यांदेखत मुलाला बडवील. कोणाच्या अंगावर शिंतोडाही उडायचा नाही. जावई स्वतःला फार दुष्ट समजत नव्हता. तो स्वतःला उशिरा न्याय मिळालेला माणूस समजत होता.

त्या सकाळी तो सगळ्यांच्या आधी शेडमध्ये गेला आणि कांडी बोटभर बाहेर ओढून ठेवली. साडेनऊ बोटांनी.

मेहुण्याने पंप सुरू केला. सासरे काचेच्या खोलीत, काठीवर हनुवटी टेकून. बायको खिडकीपाशी. जावई रिळाजवळ उभा, आकडा हातात घेऊन, चेहरा कोऱ्या कागदासारखा.

धागा थोडा वेळ छान उतरला. मग दाबाचा काटा हलला.

“गार पडला,” मेहुणा म्हणाला आणि त्याने शेगडी वाढवली.

दाब आणखी चढला. धागा रिळावर झटके खायला लागला. मेहुण्याने तापमापकाकडे पाहिलं. तिथला काटा खाली होता. “बघ, गारच आहे,” असं म्हणून त्याने जवळच्या कामगाराच्या पाठीत बुक्की घातली. “शेगडी कोणी साफ केली? तापत का नाही ही?” कामगार शेगडीवर आपटला, तळहात भाजला, आणि हात छातीशी धरून मागे सरला. मेहुण्याने शेगडी पूर्ण उघडली.

बायको स्टुलावरून उठली. “दादा, बंद कर. खिडकी काळी पडलीये.”

“दिवा गेला असेल.”

“दिवा चालू आहे. पाक जास्त तापलाय.”

“काटा दिसतो का तुला? बस जाग्यावर.”

ती रिळाकडे आली. जावयाने आयुष्यात पहिल्यांदा तिला धावताना पाहिलं.

“अहो, तुम्ही सांगा त्याला. माझं ऐकणार नाही तो.”

“काटा तर खाली आहे,” जावई म्हणाला.

“काटा खोटं बोलतोय.”

“काटा कशाला खोटं बोलेल? त्याला काय मिळणार त्यातून?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. जेवढा वेळ बघायला हवं त्यापेक्षा जरा जास्त. जावयाच्या मनात एकच चाललं होतं: फाटेल आता, पत्री फाटेल, फाटलीच. एक शब्द बोलला असता तर सगळं थांबलं असतं, पण त्या एका शब्दाबरोबर खुर्ची, किल्ली, ताट सगळं गेलं असतं. तो पत्रीच्या आवाजाची वाट बघत उभा राहिला.

पत्री फाटली नाही. कशी फाटेल? गार पाकामुळे ती आधी दोनदा फाटली होती, दोन्ही वेळा मेहुण्याने पाठीवर काठ्या खाल्ल्या होत्या, आणि मग त्याने कोणाला न सांगता एकावर एक अशा तीन पत्र्या बसवून टाकल्या होत्या. जावयाने मेहुण्याचा राग हिशेबात धरला होता, मूर्खपणा धरला होता. त्याची भीती धरायची राहून गेली.

बायको एकटीच शेगडीकडे झेपावली. तिचा हात झडपेवर पडला तेवढ्यात मेहुण्याने कोपर मागे हाणलं. ते तिच्या तोंडावर बसलं. ती पडली, ओठातून रक्त आलं, एक दात थुंकली आणि पुन्हा उठली.

“दादा, मागे हो तिथून. चकतीसमोरून मागे हो.”

मेहुणा चकतीचे बोल्ट आवळत होता. दाब चढला की बोल्टांतून पाक झिरपतो, म्हणून तो पान्याला छाती लावून, चेहरा चकतीजवळ आणून, दात खात आवळत होता. हातोड्याला दुसरं येतच नव्हतं.

चकतीची बैठक सुटली. आवाज फार मोठा झाला नाही, ओली चादर आपटावी तेवढाच. चकती मेहुण्याच्या खांद्यातून हाड मोडून गेली आणि मागच्या भिंतीवर आपटली. तिच्यामागून उकळता पाक आला, आणि तो पाक म्हणजे ॲसिड. चेहऱ्यावर, गळ्यावर, छातीवर. शर्ट आधी नाहीसा झाला. मग मेहुणा ओरडायला लागला, आणि ओरडताना त्याने जे आत ओढलं त्यामुळे त्याचं ओरडणंही जळलं.

जावई खांबाच्या मागे होता. तो तिथे कधी गेला हे त्यालाच कळलं नाही.

बायकोने भावाला काखेत धरून फरपटत ॲसिड धुवायच्या फवाऱ्याखाली नेलं. साखळी ओढली. पाणी कोसळलं. तो तिला लाथा मारत होता, डोळ्यांवरचे हात काढू देत नव्हता, आणि ती त्याचे हात मनगटाला धरून बाजूला खेचत होती. त्याच्या अंगावरचा पाक तिच्या हातांवर उतरला. पाण्याखाली तिच्या कोपरापर्यंतची कातडी पांढरी पडून सुटत होती, तरी तिने पकड सोडली नाही.

पंप अजून चालूच होता. फुटलेल्या नळीतून पाक फरशीवर सांडत होता, फरशी धूर सोडत होती. शेवटी जावयाने खांबामागून हात लांब करून पंपाचं बटण दाबलं.

नंतर कामगार म्हणाले, जावईबापू होते म्हणून शेड वाचली.

सासरे गुडघे ओढत काचेच्या खोलीतून आले तेव्हा मुलाला उचलून नेलेलं होतं. त्यांनी कोणाला काही विचारायच्या आधी स्वतः नळी तपासली. कांडी खिशात होती, पार आत, घट्ट. पत्र्या तीन होत्या. म्हाताऱ्याने त्या तिन्ही पत्र्या सुट्या केल्या, हातात धरल्या आणि मुलाचं काम ओळखलं. दवाखान्याच्या बाकावर त्यांनी काठी उचलली. मारायला समोर कोणी उरलं नव्हतं. त्यांनी ती स्वतःच्याच गुडघ्यावर हाणली, एकदा, दोनदा, आणि सासूबाईंनी हिसकावून घेईपर्यंत हाणत राहिले.

किल्ली त्यांनी जावयाच्या हातात दिली नाही, बाकावर ठेवली. जावयाने ती उचलली. तेवढं चालत होतं त्याला.

शेड पुन्हा सुरू झाली तेव्हा जावई हातांच्या खुर्चीत बसला. खुर्ची एका बाजूला जरा कलती होती. इतकी वर्षं दुरून ते दिसलं नव्हतं. घरी पहिलं ताट त्याच्यासमोर आलं होतं. वाढताना सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही, पण ताट आलं. एका गोष्टीने मात्र तो सारखा अस्वस्थ व्हायचा. कांडी त्याने बाहेर ओढली होती. ती आत कशी गेली?

धागा लागला. रिळावर ताणलेली रेघ उभी राहिली. बायको खिडकीपाशी होती, दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. ती आकडा घेऊन रिळापाशी आली आणि तिने त्याला हाताने बोलावलं. तो रिळापाशी आला. यंत्रांच्या आवाजात दोघांचं बोलणं दोघांपुरतंच होतं.

“किल्ली द्या,” ती म्हणाली.

“काय काढायचंय?”

“काढायचं नाही. ठेवायचीय. माझ्याकडे.”

जावई हसला.

“दादाला पाण्याखाली सोडून मी परत आले,” ती म्हणाली. “कांडी बाहेर होती. मी आत घातली. बाबांच्या आधी.”

त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त मागचा माणूस निघून गेला.

“मग बोलली का नाहीस?”

“बोलून काय मिळालं असतं? दादाचे डोळे परत आले असते? तुम्ही आत गेला असता, बाबा खचले असते, शेडला कुलूप. मी कुठे बसले असते? मीही याच घरची आहे, मलाही हिशेब येतो. किल्ली द्या. तुम्ही चकतीवर उभं राहायचं, दादा उभा राहायचा तिथे. खिडकी मी बघीन, शेगडीही माझ्याकडे. लोकांसमोर मालक तुम्हीच. म्हणतील हवं तर जावईबापू.”

“आणि नाही दिली तर?”

“तर संध्याकाळी बाबांशी बोलेन. काठी अजून आहे त्यांच्याकडे.”

इतकी वर्षं या घरात राहून जावई घरची भाषा शिकला होता. वरून मिळालेलं खाली द्यायला अखेर त्याला कोणीतरी सापडलं. त्याने उजव्या हाताने तिची पट्ट्यांतली मनगटं धरली, दोन्ही एकत्र, आणि पिळली. पट्टीतून ओल वर आली. तिच्या कपाळाची शीर फुगली. ती ओरडली नाही.

“कोणाशी बोलणार आहेस?” तो म्हणाला. “नीट सांग. कोणाशी?”

तिने एक हात सोडवून घेतला. त्या हातात आकडा होता. तिने धावती रेघ आकड्यावर उचलली आणि त्याच्या मुठीवर ठेवली, एखादी वस्तू जागच्या जागी ठेवावी तशी.

धागा तुटला नाही. तर्जनी आणि मधलं बोट हौदात पडली. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, मग पायाने रीळ थांबवलं.

“ओरडायचं ते चूक झाली म्हणून ओरड,” ती त्याच्या कानाशी म्हणाली. त्याला ‘तू’ म्हणायची तिची ही पहिलीच वेळ. “नवा मालक आहेस, सवय नाही. हात धाग्यावर गेला. लोक मानतील.”

लोकांनी मानलं. तिने हौदात हात घातला नाही.

तर मेहुण्याचे दोन्ही डोळे गेले, अर्धा चेहरा गेला आणि आवाज गेला. आता त्याला हातोडा म्हणत नाहीत, काहीच म्हणत नाहीत. सासऱ्यांचा मुलगा जिवंत असून गेला, आणि काठी कोपऱ्यात पडून आहे. भाजलेल्या कामगाराचा तळहात अजून पूर्ण मिटत नाही; त्याचं नाव कोणीच मांडलं नाही म्हणून इथे मांडलं. बायकोची दोन्ही हातांची कातडी गेली, एक दात गेला, भाऊ गेला. नवरा गेला असं ती धरत नाही. किल्ली तिच्या कमरेला आहे, पण ती वाजू नये म्हणून तिने तिला कापड गुंडाळलंय.

आणि जावई. साडेनऊमधून दोन वजा. तो रोज चकतीसमोर, बैठकीच्या अगदी जवळ उभा राहतो, आणि दाबाचा काटा हलला की विचारतो, “खिडकी उजळ आहे ना?” ती लगेच उत्तर देत नाही.